दिवाणखान्यातील नाट्यगृह

डोळ्यांना पापण्या आहेत, कानांना नाहीत. एखादी गोष्ट पाहायची नसेल तर मनुष्य डोळे मिटून घेऊ शकतो. परंतु घरात जो आवाज होतो तो घरातील प्रत्येकाच्या वाट्याला येतो. मागच्या खोलीत अभ्यास करणारी मुलगी, ओसरीवर डुलकी घेणारे आजोबा, स्वयंपाकघरात आमटीला फोडणी देणारी गृहिणी आणि भिंतीपलीकडचा शेजारी, या सर्वांना तो ऐकावाच लागतो. म्हणून आवाजाचे एखादे यंत्र घरात आणणे हा एकट्याच्या हौसेचा विषय न राहता साऱ्या कुटुंबाचा प्रश्न होऊन बसतो. या महिन्यात त्याच प्रश्नाकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो.

दूरचित्रवाणीचे संच जसजसे रोडावत गेले, तसतसा त्यांचा आवाजही रोडावला. पूर्वीच्या पेटीवजा संचाला खोली होती, त्यामुळे चांगला हातभर स्पीकर त्यात सामावत असे. आजचा संच भिंतीवरच्या तसबिरीसारखा सपाट झाला आहे. त्यातील बोटभर स्पीकर बहुधा खालच्या कडेला किंवा पाठीमागे तोंड करून बसवलेले असतात. म्हणजे नट बोलतो आपल्याशी आणि त्याचा आवाज बोलतो भिंतीशी. चित्र उत्तम आणि शब्द अस्पष्ट, अशी तक्रार घरोघरी ऐकू येते. मग दुकानात चौकशी होते आणि दुकानदार दोन मार्ग दाखवतो. पहिला मार्ग पाच-सात स्पीकरांनी श्रोत्याला चहूकडून वेढणाऱ्या पूर्ण संचाचा, ज्याला ‘सराउंड साउंड’ म्हणतात. दुसरा मार्ग आटोपशीर संचाचा. त्यात समोर एक लांबट पट्टी किंवा दोन लहान स्पीकर आणि कोपऱ्यात खर्जासाठी एक पेटी, एवढेच असते. पहिला मार्ग राजमार्ग आणि दुसरा गरिबाची पायवाट, असा सार्वत्रिक समज आहे. तो कितपत खरा, हे पाहू.

प्रथम थोडा इतिहास. इंग्लंडमधील अ‍ॅलन ब्लमलाइन या अभियंत्याने १९३१ साली द्विमार्गी ध्वनीच्या, म्हणजे आज आपण ज्याला स्टिरिओ म्हणतो त्याच्या, पेटंटासाठी अर्ज केला. चित्रपटात नट पडद्याच्या एका बाजूला आणि त्याचा आवाज भलत्याच ठिकाणाहून, ही विसंगती त्याला खटकत असे. पुढे १९४० साली वॉल्ट डिस्नेच्या ‘फँटेशिया’ या चित्रपटासाठी अनेक स्पीकरांची खास योजना करण्यात आली. आपल्याकडे १९७५ सालचा ‘शोले’ ज्यांनी ७० मिलिमीटरच्या पडद्यावर बहुमार्गी ध्वनीसह पाहिला, ते त्या आवाजाची आठवण अजून काढतात. त्यातील नाणे खणखणले की लोक आपल्या खुर्चीखाली वाकून पाहू लागत, असे सांगतात. १९९२ साली ‘बॅटमॅन रिटर्न्स’ या अमेरिकन चित्रपटाबरोबर डॉल्बीचा अंकीय पद्धतीचा ‘५.१’ ध्वनी चित्रपटगृहांत आला. आणि २०१२ साली ‘डॉल्बी अ‍ॅटमॉस’ने डोक्यावरूनही आवाज आणला.

‘५.१’ हा आकडा पाहून गणिताचे शिक्षकही क्षणभर थबकतील. त्याचा अर्थ सोपा आहे. समोर डावा, मधला आणि उजवा असे तीन स्पीकर, श्रोत्याच्या बाजूंना किंचित मागे दोन, असे एकूण पाच. आणि दशांश चिन्हापुढचा एक म्हणजे केवळ अतिखर्जासाठी राखलेला मार्ग. हा मार्ग सेकंदाला सुमारे १२० कंपनांपर्यंतचेच स्वर वाहून नेतो, म्हणून तो अपूर्णांक. ‘७.१’ आणि त्यापुढील आकडेही याच रीतीने वाचावेत. तिसरा आकडा असला तर तो छताकडील स्पीकरांचा समजावा.

आता खरी अडचण येते ती भूमितीची. या पाच स्पीकरांच्या जागा मनास येईल तशा ठरवता येत नाहीत. आंतरराष्ट्रीय शिफारशीप्रमाणे समोरचे डावे-उजवे स्पीकर श्रोत्याच्या नजरेच्या रेषेपासून प्रत्येकी ३० अंशांवर हवेत, म्हणजे ते दोघे आणि श्रोता मिळून समभुज त्रिकोण होतो. बाजूचे दोन १०० ते १२० अंशांवर, म्हणजे कानाच्या रेषेच्या जरा मागे हवेत. याचा अर्थ असा की श्रोत्याच्या पाठीमागे काही मोकळी जागा लागते. आता आपली घरे डोळ्यांपुढे आणावीत. इंदुरातील रामबाग, ग्वाल्हेरचे लष्कर, बडोद्याचा दांडिया बाजार किंवा बेळगावचे शहापूर, यांपैकी कुठल्याही जुन्या मराठी वस्तीतील बैठकीची खोली घ्यावी. दहा बाय बारा फुटांच्या त्या खोलीत एका भिंतीला दिवाण टेकवलेला, दुसरीत रस्त्याकडे उघडणारे दार, तिसरीत खिडकी, एका कोपऱ्यात देव्हारा नाही तर पुस्तकांचे कपाट. दिवाण भिंतीला टेकलेला म्हणजे श्रोत्याची पाठही भिंतीला टेकलेली. मागचे स्पीकर ठेवायचे कोठे? शेवटी त्यांतला एक कपाटावर चढतो आणि दुसरा दाराआड लपतो. त्यांच्या तारा सतरंजीखालून जातात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पायांत अडकतात. अशा मांडणीतून जे ऐकू येते त्याला ‘सराउंड’ हे नाव दुकानाच्या पावतीपुरतेच शोभते. नियमाने न मांडलेले पाच स्पीकर नियमाने मांडलेल्या दोघांपेक्षा वाईट वाजतात, ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाही.

मग कान दिशा ओळखतो तरी कसा? हे समजून घेतले म्हणजे आटोपशीर संचाचे मर्मही कळते. आपल्या दोन कानांत वीतभरापेक्षा कमी अंतर आहे. उजवीकडून आलेला आवाज उजव्या कानाला आधी आणि डाव्याला नंतर पोहोचतो. हा फरक जास्तीत जास्त सेकंदाच्या सुमारे दीड हजाराव्या भागाइतका असतो. आणि अनुकूल परिस्थितीत मेंदू एक लक्षांश सेकंदाचा फरकही ओळखू शकतो. दुसरी खूण म्हणजे डोक्याची सावली. डोके मध्ये आल्यामुळे पलीकडच्या कानाला उंच स्वर क्षीण ऐकू येतात. तिसरी खूण खुद्द कानाच्या पाळीची. तिच्या वळ्यांवर आपटून आवाजाचा पोत किंचित बदलतो, आणि त्या बदलावरून आवाज पुढचा की मागचा, वरचा की खालचा, हे मेंदू ताडतो.

खर्जाचे स्वर मात्र या कसोट्यांना दाद देत नाहीत. सेकंदाला ५० कंपने असलेल्या स्वराची लाट जवळजवळ २२ फूट लांब असते. ती आपल्या डोक्याला वळसा घालून दोन्ही कानांशी सारखीच पोहोचते, किंबहुना आपल्या संबंध खोलीपेक्षाही ती मोठी असते. म्हणून सुमारे ८० कंपनांखालील स्वर कोणत्या बाजूने आला हे घरातील खोलीत सांगता येत नाही. याउलट ३,००० कंपनांच्या स्वराची लाट चार-साडेचार इंचांची. तिची दिशा कान तत्काळ ओळखतो. या एका तथ्यावर आटोपशीर संचाचा सारा डोलारा उभा आहे. खर्जासाठी मोठी पेटी लागते, पण ती कोठेही ठेवली तरी चालते; दिशा दाखवणारे मध्यम आणि उंच स्वर लहान स्पीकरही काढू शकतात. तेव्हा मोठ्या पेट्यांची रांग मांडण्याऐवजी एकच खर्जाची पेटी कोपऱ्यात आणि समोर लहानसे स्पीकर, अशी कामाची वाटणी करता येते. पखवाज एकाच कोपऱ्यात बसवावा आणि टाळकऱ्यांना आपापल्या जागी उभे करावे, तसाच हा प्रकार.

ही वाटणी घरोघरी पोहोचवणाऱ्यांत ज्या नावाची चर्चा नेहमी होते ते अमर बोस यांचे. त्यांचे वडील बंगालमधील क्रांतिकारक. इंग्रजांच्या तुरुंगातून सुटल्यावर ते अमेरिकेस गेले आणि तेथे १९२९ साली अमर बोस यांचा जन्म झाला. पुढे ते मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत प्राध्यापक झाले. १९५६ साली त्यांनी हौसेने एक स्टिरिओ संच विकत घेतला. कागदावरचे आकडे उत्तम असूनही तो ऐकताना त्यांची निराशा झाली, आणि त्या निराशेतून त्यांचे संशोधन सुरू झाले. १९६४ साली त्यांनी कंपनी काढली. १९६८ सालच्या त्यांच्या प्रसिद्ध ‘९०१’ स्पीकरात नऊ लहान स्पीकर होते. त्यांतील एकच श्रोत्याकडे तोंड करून, बाकीचे आठ भिंतीकडे. प्रत्यक्ष मैफलीत आपल्या कानांवर पडणारा बराचसा आवाज भिंतींवरून परतून आलेला असतो, हा त्यामागील विचार. १९८७ साली मुठीएवढे स्पीकर आणि दृष्टीआड ठेवण्याची खर्जाची पेटी अशी जोडी त्यांच्या कंपनीने बाजारात आणली. त्यांचे तंत्र सर्वांनाच मान्य होते असे नाही. २०१३ साली ते निवर्तले तोवर त्यावर वाद चालले होते आणि आजही चालतात. परंतु मोजणीयंत्राला काय वाटते यापेक्षा माणसाच्या कानाला काय वाटते हे महत्त्वाचे, हा त्यांचा आग्रह मात्र टिकून राहिला.

भिंतीवरून परतणाऱ्या आवाजाचे सामर्थ्य आपल्या सीमाभागातील वाचकांना सांगणे न लगे. १६५६ साली पूर्ण झालेल्या विजापूरच्या गोल घुमटात सज्जाच्या एका टोकाला भिंतीशी कुजबुजले तर समोरच्या टोकाला कान लावणाऱ्यास ते स्पष्ट ऐकू येते. बोलणारा दूर असतो, पण जवळच्या भिंतीतून कोणी बोलत आहे असा भास होतो. आजच्या काही साउंडबारांत हीच युक्ती योजलेली असते. ओळीने बसवलेले अनेक छोटे स्पीकर आपला आवाज झोताप्रमाणे बाजूच्या भिंतीवर टाकतात आणि तो परतून बाजूने किंवा मागून आल्यासारखा वाटतो. दुसरी युक्ती गणिताची. कानाच्या पाळीमुळे आवाजाच्या पोतात जो बदल होतो, तोच बदल आधीच आवाजात घालून द्यायचा, आणि डाव्या स्पीकरचा उजव्या कानात जाणारा अंश उलट लाटेने खोडून काढायचा. या खोडण्याचा पाया विसाव्या शतकाच्या साठीत अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत मॅनफ्रेड श्रोडर आणि बिष्णू अटल यांनी घातला. त्यांपैकी अटल हे मूळचे कानपूरचे आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकलेले.

संस्कृत साहित्यशास्त्राचा ज्यांनी थोडाबहुत अभ्यास केला आहे त्यांना येथे आनंदवर्धनाची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. ‘ध्वन्यालोका’त त्याने ‘ध्वनी’ हा शब्द योजला तो सूचित अर्थासाठी. जे उघड सांगितले नाही, पण जाणत्याच्या मनात उमटते, ते ध्वनी. पूर्ण संच प्रत्येक दिशेला एक-एक स्पीकर उभा करून वाच्यार्थाने बोलतो. आटोपशीर संच व्यंजनेने बोलतो. तो खुणा पुरवतो, आणि मागची दिशा श्रोत्याचा मेंदू स्वतःच घडवतो.

परंतु व्यंजनेला सहृदय लागतो आणि प्रसंगही लागतो. या संचांच्या मर्यादा स्पष्ट सांगितल्या पाहिजेत, कारण जाहिराती त्या सांगत नाहीत. पहिली मर्यादा बसण्याच्या जागेची. गणिती युक्तीने निर्माण केलेला भास अगदी मधोमध बसणाऱ्यालाच नीट होतो. कडेला बसलेल्या काकूंना तो होत नाही, आणि मान वळवली की मधल्यालाही विस्कटल्यासारखा वाटतो. दुसरी मर्यादा खोलीची. भिंतीवर झोत टाकणाऱ्या पट्टीला दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर भिंती हव्यात. एका बाजूला उघडे दार आणि दुसरीकडे जाड पडदा असेल तर परतायला आवाजच उरत नाही. तिसरी मर्यादा अतिशय लहान स्पीकरांची. त्यांना मधले-खालचे स्वर झेपत नाहीत, म्हणून ते खर्जाच्या पेटीवर ढकलले जातात. ही सीमारेषा ८०-१०० कंपनांऐवजी २०० पर्यंत चढली की पुरुषी आवाजाचा काही भाग कोपऱ्यातून येऊ लागतो. नायक समोर उभा आणि त्याची छाती कोपऱ्यात, असा प्रकार होतो. ज्याच्यापाशी वेगळी खोली आहे, मागे मोकळी जागा आहे आणि स्पीकर कोनाप्रमाणे मांडण्याची चिकाटी आहे, त्याच्यासाठी पूर्ण संचच श्रेष्ठ, यात शंका नाही. पावसाचा आवाज खरोखर पाठीमागून आणणारा स्पीकर आणि मागे पाऊस पडत असल्याचा भास, यांतले अंतर जाणत्या कानाला कळतेच.

आता दुसऱ्या बाजूने विचार करू. आपण घरी ऐकतो काय? पुणे आकाशवाणीवरून १९५५-५६ साली वर्षभर प्रसारित झालेली गदिमा आणि सुधीर फडके यांची ‘गीतरामायणा’ची छप्पन्न गीते आजही आपल्या घरांत चैत्रात लागतात. जुनी नाट्यपदे लागतात, प्रभात कंपनीचा १९३६ सालचा ‘संत तुकाराम’ लागतो. ही सर्व ध्वनिमुद्रणे एकमार्गी आहेत. त्यांत डावे-उजवे नाही, मग मागचे कोठून असणार? ती पाच स्पीकरांतून वाजवली तर यंत्र आपल्या कल्पनेने मागचा आवाज तयार करते आणि गायक एखाद्या रिकाम्या गोदामात उभा राहून गात असल्याचा भास होतो. अशा वेळी ती सजावट बंद करून केवळ समोरूनच ऐकणे इष्ट. बातम्या, कीर्तने, मुलाखती, मालिका यांतही मागच्या स्पीकरांना फारसे काम नसते. नव्या चित्रपटांची गोष्ट वेगळी. २०१६ सालच्या ‘सैराट’चे वाद्यवृंदाचे संगीत अमेरिकेत ध्वनिमुद्रित झाले, आणि अशा संगीताचा विस्तार ऐकायला चांगला संच हवाच. पण तो विस्तारही मुख्यतः समोर पसरलेला असतो. घरातील ऐकण्याचा हिशेब तासांत मांडला, तर मागून येणाऱ्या आवाजाच्या वाट्याला फार थोडे तास येतात.

सर्वात महत्त्वाचा मुद्दा अजून पुढेच आहे, तो शब्दांचा. भाषेत स्वर हे बलवान आणि व्यंजने दुबळी. ‘आ’, ‘ओ’ यांचा जोर खालच्या पट्ट्यांत असतो आणि ते दूरवर पोहोचतात. ‘स’, ‘श’, ‘त’, ‘फ’ यांची ओळख उंच कंपनांवर अवलंबून असते आणि त्यांचा जोर अल्प असतो. जुन्या पद्धतीच्या दूरध्वनीत सुमारे ३०० ते ३,४०० कंपनांपर्यंतचेच स्वर जात, म्हणून ‘सणस’ की ‘फणस’ असे पुन्हा पुन्हा विचारावे लागे. वयोमानाने कान मंदावतो तोही आधी उंच स्वरांकडूनच. म्हणून आजोबा म्हणतात, “आवाज येतो रे, पण शब्द कळत नाहीत.” मुलगा आवाज वाढवतो. त्याने वाढतात ते बलवान स्वर, पार्श्वसंगीत आणि खर्जाची धडधड; व्यंजने होती तेथेच दबून राहतात. मग आजोबा समजतात की आपले ऐकणे गेले, सून समजते की त्यांना मोठाच आवाज आवडतो, आणि शेजारी समजतो की या घरात कोणाला शिस्त नाही. हळूहळू आजोबा संध्याकाळचे बैठकीत येऊन बसणेच सोडतात. तरुण माणसे समजतात त्यांना कंटाळा आला असेल. आमच्या मते या सबंध विषयात काळजी करण्याजोगी गोष्ट कोणती असेल तर हीच.

याचा आणखी एक पदर आहे, आणि तो महाराष्ट्राबाहेरच्या घरांना विशेष लागू आहे. मराठीत ‘च’ दोन आहेत. ‘चार’ म्हणताना जीभ टाळूला लागते, ‘चारा’ म्हणताना दातांच्या मुळाशी. ‘जग’ म्हणजे विश्व आणि ‘जग’ म्हणजे जिवंत राहा, यांचे लेखन एक आणि उच्चार भिन्न. लिपी हा भेद दाखवत नाही. तो केवळ कानाने शिकावा लागतो. हिंदीच्या सहवासात वाढणाऱ्या इंदूर-ग्वाल्हेरच्या मुलांना शाळेत आणि रस्त्यावर एकच ‘च’ भेटतो. वर्गात मराठी वाचणारी आमची कित्येक मुले ‘चमचा’ हा शब्द हिंदी वळणाने उच्चारतात, आणि त्यात त्यांचा दोष नाही. दुसरा ‘च’ त्यांना भेटणार तो घरी, आजीच्या तोंडून, आणि काही अंशी घरात लागणाऱ्या नाटकांतून व चित्रपटांतून. या दोन उच्चारांतला फरक ज्या घर्षणात आहे ते उंच कंपनांतच असते. ज्या यंत्रातून ती कंपने दबून येतात त्यातून दोन्ही ‘च’ जवळजवळ सारखे ऐकू येतात. यंत्र मुलांना मराठी शिकवील असे आम्ही मुळीच म्हणत नाही. भाषा माणसाकडून माणसाला मिळते. परंतु घरात जी थोडी मराठी वाजते ती तरी स्वच्छ वाजावी, एवढी अपेक्षा गैर नव्हे.

म्हणून यंत्र निवडताना पहिली कसोटी शब्दांची ठेवावी. दुकानात विमानांचे आणि स्फोटांचे दृश्य लावून दाखवतात, त्याला भुलू नये. आपल्या परिचयाचे एखादे मराठी नाटक किंवा बातम्या लावायला सांगाव्यात, आवाज मध्यम ठेवावा आणि घरातील वडीलधाऱ्या व्यक्तीला सोबत नेऊन प्रत्येक शब्द कळतो काय ते त्यांनाच विचारावे. कुटुंब एका रांगेत बसणार असेल तर ज्यात मधला स्वतंत्र स्पीकर आहे असा, म्हणजे ‘३.१’ संच पाहावा. दोनच स्पीकर असले की मधला आवाज हा भासच असतो, आणि कडेला बसणाऱ्याला तो जवळच्या स्पीकरकडे ओढला गेल्यासारखा वाटतो. खराखुरा मधला स्पीकर संवादांना पडद्यापाशी बांधून ठेवतो. पैसे मर्यादित असतील तर मागच्या दोन स्पीकरांवर खर्च करण्यापेक्षा या मधल्यावर करणे शहाणपणाचे.

वॉटच्या आकड्यांचेही गौडबंगाल समजून घ्यावे. खोक्यावर हजारोंत लिहिलेला ‘पीएमपीओ’चा आकडा क्षणभराच्या शक्तीचा आणि बहुतांशी शोभेचा असतो, सातत्याने मिळणारी शक्ती ‘आरएमएस’ या आकड्याने कळते. शक्ती दुप्पट केली तर आवाज केवळ तीन डेसिबेल वाढतो, आणि कानाला तो दुप्पट वाटावा यासाठी शक्ती सुमारे दहापट लागते. तेव्हा ५० आणि १०० वॉटमधला फरक बाजारात मोठा आणि कानात लहान असतो.

यंत्र घरी आल्यावरचे संस्कारही महत्त्वाचे आहेत. समोरचे स्पीकर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला असावेत, आणि पट्टी कपाटाच्या खोल कप्प्यात कोंबू नये. खर्जाची पेटी कोपऱ्यात ठेवल्यास जोर वाढतो, पण घुमण्याचा दोषही वाढतो. तिची योग्य जागा शोधण्याची एक जुनी युक्ती आहे. ती पेटी क्षणभर आपल्या बसण्याच्या जागी ठेवावी, खर्जाचे संगीत लावावे आणि स्वतः भिंतीकडेने ओणवे होऊन फिरावे. जेथे खर्ज समतोल ऐकू येईल तेथे पेटी ठेवावी. घरातील मंडळी हसतील, हसू द्यावे. उघडी फरशी आणि कोऱ्या भिंती असलेल्या खोलीत शब्द एकमेकांवर आदळतात. सभागृहात मागच्या रांगेतील मुलांना ऐकू येत नाही म्हणून आवाज वाढवला की गोंगाट वाढतो आणि अर्थ कमी होतो, हे प्रत्येक शाळेत पाहायला मिळते. त्यावर इलाज म्हणजे सतरंजी, जाड पडदे आणि पुस्तकांनी भरलेले कपाट. महागड्या यंत्रापेक्षा आजीच्या हातची गोधडी कधी कधी अधिक काम करते. वृद्धांसाठी संवाद उठावदार करण्याची सोय बहुतेक नव्या संचांत असते. ती सुरू करावी आणि खर्ज कमी करावा. एवढ्याने पुष्कळ वेळा आवाज न वाढवताही शब्द कळू लागतात. तरीही कळत नसतील तर कानाच्या डॉक्टरांकडे जावे. त्याला यंत्र हा उपाय नव्हे.

शेवटी शेजारधर्माचे चार शब्द. खर्जाच्या लांब लाटा भिंतींना फारसे जुमानत नाहीत. आपल्याला जे संगीत वाटते त्यातील फक्त धडधड पलीकडे पोहोचते, आणि अर्थहीन आवाजाइतका त्रासदायक आवाज दुसरा नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणविषयक नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबेल ही मर्यादा घातली आहे, आणि रात्र म्हणजे दहा ते सहा असे ठरवून दिले आहे. आपल्या स्वतःच्या कानांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्यांना आठवड्यास ४० तासांपर्यंत ८० डेसिबेल आणि मुलांना तेवढ्याच तासांसाठी ७५ डेसिबेल ही मर्यादा सांगितली आहे. परीक्षेच्या दिवसांत ज्या घरात मूल अभ्यासाला बसले आहे तेथे नियमाच्या पुस्तकाची वाट पाहू नये. रात्री संचातील ‘नाइट मोड’ सुरू करावा. त्याने मोठे आवाज दबतात, लहान उठतात आणि कुजबुजलेला संवादही मंद आवाजात कळतो.

तात्पर्य, पूर्ण संच हा मोकळ्या जागेचा आणि सवडीचा मामला आहे. ज्यांना दोन्ही लाभल्या आहेत त्यांनी तो जरूर घ्यावा. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी बैठकीची खोली एकच, आणि तीत पाहुणे बसतात, मुले अभ्यास करतात, कैऱ्या वाळत घातल्या जातात आणि गणपतीही बसतो. अशा खोलीला आटोपशीर संच अधिक मानवतो, आणि तो निवडताना कमीपणा वाटण्याचे काहीच कारण नाही. चारी बाजूंनी आवाज येतो की नाही याची चिंता नंतर करावी. चारी बाजूंना बसलेल्या आपल्या माणसांना, विशेषतः सर्वात वडील आणि सर्वात लहान व्यक्तीला, बोललेला शब्द न शब्द कळतो आहे ना, एवढे मात्र आधी पाहावे.